बारा म्हणजे अर्धा इंचच की

मित्रांनो, या शिवणखोलीत आलात तर तुमचं लक्ष मशीनकडे जाईल, रंगीत रिळांकडे जाईल. खिडकीच्या कट्ट्यावर पडलेल्या माझ्याकडे कशाला जाईल? मी बोटभर लांबीचा एक जुना बोल्ट. टोकाला गंज चढलाय, आटे झिजलेत. पण माझीही एक हकिगत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं माप चोख होतं. जाडी बारा मिलिमीटर, ना कमी ना जास्त. त्याच मापाचा एक नट माझ्यासोबत पुडीत होता. बोटाने फिरवला की तो माझ्या अंगावरून सरसर यायचा आणि जायचा. जगात सगळ्यांचंच असं जुळत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

ही शिवणखोली काकूंची. त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण खिडकीखाली स्टुलावर बसून काजं करायची. काकू तिला वन्सं म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणतो. वन्संची नजर अधू झाली होती. खिडकीचा उजेड सोडून त्या कुठे बसायच्या नाहीत. नेमकी त्याच खिडकीच्या वर, कापडाचे तागे ठेवायला, लोखंडी फळी टांगायची ठरली.

ते काम काकूंच्या धाकट्या भावाने, मामांनी, अंगावर घेतलं. मामा फिटर होते. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. छतापासून लोंबणाऱ्या चार पट्ट्या, फळीचे चार कोपरे आणि आम्ही चार बोल्ट. डोकं वर, नट खाली, म्हणजे सगळा भार नटावर. तीन कोपरे झाले आणि माझी पाळी आली, तेव्हा मामांच्या हातून माझा नट निसटला. तो टणटणत गेला आणि फरशीच्या फटीतून मोरीत पडला. मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुपारची वेळ, दुकानं बंद. मामांनी काकूंचा पत्र्याचा डबा उपडा केला. जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग होते त्यात, सगळे इंचाच्या मापाचे. त्यातून एक अर्ध्या इंचाचा नट निघाला.

"बसेल का रे?" काकूंनी विचारलं.

"बारा म्हणजे अर्धा इंचच की, ताई. केसाचा फरक."

मित्रांनो, तो केस मला भोवला. अर्धा इंच म्हणजे बारा मिलिमीटर आणि वर पाऊण मिलिमीटरला थोडं कमी. त्या नटाचे आटेही वेगळ्या अंतराने पाडलेले. तो दोन फेरे सैल फिरला आणि तिसऱ्याला अडला. मामांनी एकोणीसचा पाना लावला. मेला तो पाना आम्हा दोघांनाही लागला, त्यामुळे शंका यायला जागाच उरली नाही. त्यांनी अंगाचा जोर लावला. माझे आटे खरवडत तो नट चढला आणि रुतून बसला.

"घट्ट बसलाय. आता हत्ती बसवा," मामा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

बसला नव्हता हो. अडकला होता. पण खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

तिथून माझी कैद सुरू झाली. मला वर सरकता येईना, खाली येता येईना. दोन कुरतडलेल्या आट्यांवर मी एक कोपरा धरून होतो. मशिनी सुरू झाल्या की फळी थरथरायची आणि माझ्या अंगाचा कणकण झडायचा. मला सुटायचं होतं, अगदी मनापासून सुटायचं होतं. पण माझ्या खाली वन्सं बसलेल्या. मी सुटलो तर तागे त्यांच्याच डोक्यावर येणार. मग काय करणार? दातओठ खाऊन धरून राहिलो. कशी वर्षं काढली, माझं मला ठाऊक.

एकदा वन्सं म्हणाल्याही, "वहिनी, वरून काळं काळं पडतंय. शर्टाला डाग लागतात."

"जळमटं असतील, वन्सं. मांडीवर फडकं घ्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात कात्री होती आणि समोर ढीगभर काम होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण बोल्टाला तोंड कुठून आणायचं?

मग एका कचेरीच्या शर्टांचं मोठं काम आलं. फळीवर आणखी सहा तागे चढले. कागदावर सगळी मापं मिलिमीटरमध्ये होती, आणि काकूंचा जन्म इंचात गेलेला. चार दिवसांनी वीस शर्ट परत आले. त्याच दुपारी मामा एका मशीनचा पट्टा बदलायला आले होते. काकूंनी चहाबरोबर त्यांची हजेरीही घेतली.

"तुझ्या शहाणपणाने वीस कॉलरी उसवल्या मी. बारा म्हणजे अर्धा इंच म्हणालास ना? मग छत्तीस म्हणजे दीड इंच धरले. दोन मिलिमीटर जास्त भरतंय. कापड आहे म्हणून आत दाबून निभावलं तरी."

मामा हसायला गेले आणि मध्येच थांबले. कप त्यांनी खाली ठेवला. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा पाहिलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "वन्संना तिथून उठव."

"एवढं काज पुरं करते," वन्सं म्हणाल्या.

"काज राहू दे. उठा आधी."

त्या आवाजाला वन्सं उठल्या, दोरा तसाच लोंबत ठेवून. मामांनी दुसऱ्या टोकाकडून एकेक तागा उतरवला. मी जीव मुठीत धरून होतो. शेवटचा तागा उतरला, तशी त्यांनी कोपऱ्याला खालून खांदा दिला आणि नटाला पाना लावायच्या आधी नुसतं बोट लावलं. नट त्यांच्या तळहातावर उतरला. पाना लागलाच नाही.

मामा खाली उतरले आणि वन्संच्याच स्टुलावर मटकन बसले. तो नट ते बोटांत उलटसुलट फिरवत राहिले. वन्संनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिथे योग्य मापाचे नवे बोल्ट-नट आले. माझे आटे मात्र गेले ते गेलेच. आता मला ना मिलिमीटरचा नट बसेल, ना इंचाचा. त्याचं थोडं वाईट वाटतं. पण मित्रांनो, एक मागणं आहे. आपल्या भाराखाली कोण कसं धरून आहे, ते अधूनमधून हात लावून बघत जा. जो अडकलेला असतो तो कुरकुर करत नाही, कारण त्याने हात सोडला तर खाली कोण बसलंय हे त्याला माहीत असतं.