माळव्याचं नाव

चांगलं ते मागं ठेवायचं, ही कृष्णाच्या घराची जुनी खोड. कणीदार तूप पाव्हण्याला, कोरं लुगडं लग्नाकार्याला, आणि घरच्यांनी आपलं जे असेल त्यावर भागवायचं. या खोडीनंच त्याचा घात केला. नाहीतर माळव्याचं नाव सहा वर्षं तरी सुखानं नांदलं असतं.

चितेगावच्या कारखान्यांच्या रांगेत, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याची कंपनी आहे. डेअरीत दूध मोजणाऱ्या यंत्रांच्या आत चालतं ते सॉफ्टवेअर तिथं तयार होतं. पोरापोरींनी लिहिलेला कोड ज्या मशीनवर जोडून पक्का होतो ते बिल्डचं मशीन, आणि ज्यावर तो ठोकून-बडवून पाहतात ते टेस्टचं. अशी आठ मशीनं कृष्णाच्या ताब्यात होती. नेटवर्कवर प्रत्येकाला एक नाव लागतं, त्या नावानंच बाकीची मशीनं त्याला हाक मारतात. जो मशीन उभं करील त्यानं नाव ठेवायचं असा तिथला रिवाज. कृष्णानं आपल्या वावरांची नावं ठेवली.

वावरं काही आता राहिलेली नव्हती. दहा वर्षांपूर्वी सगळं शिवार कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं आणि घर उठून पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत आलं. सरकारी कागदावर त्या वावरांना तेव्हाही नाव नव्हतं, नुसता गट नंबर. पण भाकरी घेऊन निघालेली बाई गट नंबर एकशे चौदात जाते होय? ती लवणात जाते. बरड, चोपण, टेकाड, लवण, ही घरातली बोलणी. जुनी, धापा टाकणारी मशीनं वाट्याला आली त्यांना कृष्णानं खडकाळ, नापीक रानांची नावं लावली. जरा दमदार आलं त्याला लवण, म्हणजे सखल, ओल धरणारं रान. श्रेया म्हणून त्याच्या हाताखाली एक पोरगी आहे, जन्मात ढेकूळ तुडवलेलं नाही, पण तीसुद्धा सर्रास म्हणायची, "बरडवर नका टाकू सर, दुपार होईल." ते ऐकलं की कृष्णाचा दिवस बरा जायचा.

एक नाव मात्र त्यानं कुणाला दिलं नव्हतं. विहिरीलगत अर्ध्या एकराचा तुकडा होता. त्याची माय, मनकर्णाबाई, तिथं वांगी, मिरच्या, कोथिंबीर, चवळी लावायची. भाजीपाल्याला तिकडं माळवं म्हणतात, म्हणून त्या तुकड्याचं नाव माळवं. बांधावर उभी राहून ती हाळी द्यायची, "किस्ना, माळव्यात ये रं!" चार वर्षांपूर्वी ती गेली. खोल्यांच्या गॅलरीत डब्यांमध्ये तिनं मिरच्या लावून पाहिल्या होत्या, त्या काही धरल्या नाहीत. कृष्णानं ठरवलेलं, कंपनी कधीतरी झकास, नवंकोरं, मोठ्या ताकदीचं मशीन घेईल, त्याला हे नाव द्यायचं. भंगाराला मायचं वावर कशाला?

पहिलं नाव ठेवल्याला सहा वर्षं झाली तेव्हा ते मशीन मंजूर झालं. मंगळवारी खोकं आलं आणि बुधवारी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून मेल आला. सोमवारपासून सगळ्या मशीनांची नावं एका साच्यात हवीत: आधी शहर, मग काम, मग क्रमांक. नव्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं, सीएसएन-बिल्ड-०९.

मेल पाठवणारा विश्वजीत त्याचा वरिष्ठ. कृष्णानं त्याला फोन लावला.

"आठही बदलतो सर. नव्याचं एक नाव मला ठेवू द्या."

"कृष्णा, तुझ्याकडचं चोपण म्हणजे काय हे न कळल्यामुळे इथल्या माणसानं मागच्या महिन्यात चालू टेस्ट बंद पाडली. आठवतंय ना? आणि एक तुला दिलं की उद्या नागपूरवाला देवांची नावं मागेल."

विश्वजीतचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. चुकत असता तर भांडता आलं असतं.

"रविवारपर्यंत तुझं काय ते ठेव," विश्वजीत म्हणाला. "सोमवारी यादी स्वच्छ पाहिजे."

शनिवारी कृष्णानं आठही नावं आपल्या हातानं काढून साच्यातली घातली. श्रेयानं दोनदा विचारलं, "झिरो फोर म्हणजे लवण ना?" संध्याकाळपर्यंत तिला विचारावं लागेना. तरुण जीभ, लगेच वळते. तिचा राग येण्यासारखं काहीच नव्हतं, तरी त्याला आला. मग त्यानं खोकं फोडलं, नवं मशीन उभं केलं आणि नावाच्या चौकटीत माळवं लिहिलं. रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. आप्पांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मला दाव."

रविवारी दुपारी आप्पासाहेब टोपी घालून, नातलगाकडं निघाल्यासारखे तयार होऊन आले. काचेमागं काळं कपाटासारखं मशीन घरघरत होतं. त्यांनी ते खालीवर न्याहाळलं.

"नाव कुठंय त्याच्यावर?"

"वर नसतं आप्पा. हाक मारावी लागती." कृष्णानं आपल्या कॉम्प्युटरवरून माळव्याला हाक लावली. पडद्यावर सेकंदाला एक ओळ उमटू लागली. "हे बघा. आपण हाक देतोय, ते ओ देतंय."

"दरवेळी?"

"दरवेळी."

आप्पा खुर्ची ओढून बसले. ओळी येत राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कृष्णाला मायची इतकी आठवण आली की पडद्याकडं बघवेना. सहा वर्षं आपण कशाची वाट पाहत बसलो, हे त्याला उमगेना. बरडालाच हे नाव दिलं असतं, तर सहा वर्षं पोरं दिवसातून वीसदा माळवं म्हणाली असती.

"बदलतो आता," तो म्हणाला.

"राहू दे की वाईच."

त्यानं राहू दिलं. अर्ध्या तासानं आप्पा आपणहून म्हणाले, "हं. कर." त्यानं हाक थांबवली, जुनं नाव पुसलं, नवं घातलं. नव्यानं सुरू होताना मशीन क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा घरघरायला लागलं.

"आता हाक मार एकडाव," आप्पा म्हणाले.

"आता कशाला आप्पा?"

"मार तर खरं."

कृष्णानं माळव्याला हाक मारली. एकच ओळ आली आणि पडदा थांबला. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी लेकाकडं पाहिलं.

"काय म्हनतंय?"

"ह्या नावाचं इथं कुणी नाय, म्हनतंय."

आप्पांनी मान हलवली. मग हात पुढं करून त्यांनी लेकाची पाठ थोपटली आणि हात बराच वेळ तिथंच ठेवला.