सत्तेचाळीस नंबरची पाठ

माझ्या लेकीने, सुगंधाने, बापाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने सत्तेचाळीस नंबर घातला, आणि तोही मला न विचारता. बाप कागद झाला म्हणून काय पाठ सरकारी झाली?

ते वैशाखात कागद झाले. देवळात चित्रांची पोथी दाखवत होते. वनवासाचं पान उलटायला वाकले आणि स्वतःच पान झाले. लोक थोडा वेळ थांबले. मी त्यांना पाटाला टेकवून उभं केलं आणि उरलेली कथा सांगून पुरी केली. आमच्या घरात कथा अर्धी ठेवत नाहीत.

चित्रांतून गोष्ट कशी चालते, यावर सुगंधा शहरात डॉक्टर होते आहे. सुट्टीत आली ती हातमोजे घालून, पोथीच्या पानांना नंबर घालायला. बापाला दोन बोटांनी उचलून पालथं केलं.

"आये, बाबांची पाठ कोरी आसा. सर म्हणतत, पोथी अपुरी."

"कोरी नाय ती. चाळीस वर्सां मीच खाजवलंय."

तेही तिने लिहून घेतलं.

आमच्यात दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीने चिकटवतात. एकट्या पानाला कसर लागते. हे तिला मी दुधाबरोबर पाजलंय. तरी बाई पट्टी घेऊन घर मोजत सुटली. कथावाल्यांचं घर केवढं, तेही प्रबंधात हवं म्हणे. तिने जे मोजलं त्याची जाडी गेली. ओटी सपाट झाली. चुलीला एकच बाजू उरली. मला बसायलाही जागा राहिली नाही, म्हणून मी दारात उभीच राहिले.

"आये, तशीच रव. दार केवढा ता कळाक होया," ती म्हणाली आणि पट्टी माझ्या खांद्याला लावली.

आधी पोट गेलं, मग गुडघ्याचं दुखणं गेलं. लुगडं तांबडी रेघ झालं. पट्टी तिच्या हातातून पडली.

"आये, चुकलंय मी."

"चुकलंस. आता खळ कर."

"नको गो. तुमका समोरासमोर ठेवतंय, मधी पातळ कागद. तुका बाबांचा तोंड तरी दिसात."

वैशाखापासून मी तेवढंच मागत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कानापाशी कसरीने एक भोक पाडलं होतं.

"पाठीक लाव माका," मी म्हटलं. "तोंडां बघून पोथी उभी रवणा नाय."

सुगंधाने हातमोजे काढले. बापाच्या पाठीवरचा नंबर खोडला. मग एका बाजूच्या चुलीवर चिंचोक्याची खळ ठेवली आणि ढवळत राहिली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, सगळं पातेल्यातच पडत होतं. तिने त्यांना पालथं घातलं, पाठीवर कुंचला फिरवला आणि मला उचलून पाठीला पाठ लावली. त्यांचं तोंड खाली गेलं. माझ्या खांद्यांवरून काहीतरी गार ओघळलं.

"तू डॉक्टर होतलंस, सुगंधा," मी म्हटलं. "पण खळ पातळ केलंस."