मनुबाईसाठी भैरोबा उपाशी

मी लोळा बोलतोय. घंटेच्या पोटात लोंबतो तो लोखंडी गोळा. लोक म्हणतात, घंटा वाजली. घंटा कशाची वाजते! मार मी खातो.

घंटा पितळेची, तिच्यावर देणाऱ्याचं नाव कोरलंय. मी ट्रॅक्टरच्या मोडक्या पिनेचा, पलूसच्या लोहारानं ठोकून काढलेला. माझ्यावर नाव नाही. नसू दे.

कवठे महांकाळच्या अंगाला आमचं गाव. गावात मयत झालं की राहीबाई गुरवीण मला फडक्यात गुंडाळून गाठ मारते. प्रेत गावातनं हलेपर्यंत पूजा नाही, नैवेद्य नाही. भैरोबा उपाशी.

यंदा ऐन जत्रेच्या सकाळी मनुबाई गेली. ही कोण? कुणी नाही. दुसऱ्याच्या द्राक्षबागेत राबायची, एकटी राहायची. इतकी बुटकी, की तिचा हात माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. खालनंच म्हणायची, "आले बरं का रं देवा."

राहीबाईनं मला बांधलं, तसे लालासाहेब आले. फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. डोक्याला कडक फेटा.

"आवं राहीकाकू, सोडा ती गाठ. पालखीची येळ झाली. पाव्हणं खोळंबल्यात."

"मनुबाई घरात पडलीया."

"तिचं सांजच्याला उरकू की. कोण हाय तिचं रडायला?"

"न्हाईच कोण. म्हणून तर देव बसलाय."

"एका म्हातारीपायी आख्खी जत्रा थांबवायची व्हय?"

"तुमचं आबा गेलं, तवा देव दुपारपातुर उपाशी हुता. तवाचा भैरोबा येगळा हुता का?"

लालासाहेबांनी गाठीला हात घातला. मी मनाशी ठरवलं होतं. सोड गाठ. बडव काय बडवायचं ते. आज मी हलणार नाही.

त्यांनी गाभाऱ्यात बघितलं. भैरोबा पारोसा, अंगावर कालचीच फुलं. हात खाली आला. बाहेर जाऊन खेकसले, "ए डीजे, बंद कर रं! बांबू आणा. चला समदे."

"समदे?" कुणीतरी विचारलं.

"पालखीला जेवढे लागत्यात, तेवढे!"

पालखीसाठी इस्त्री केलेले सदरे आधी मनुबाईच्या तिरडीखाली गेले. जिला कधी कुणी 'बस' म्हटलं नाही, तिच्यामागं जत्रेचं गाव चाललं. मनापासून गेले का? निम्मे कुरकुरत गेले. कुरकुरू द्या. गेले ना!

आंघोळी करून माणसं परतली, तेव्हा राहीबाईनं गाठ सोडली. लालासाहेबांनी मला धरून घंटेवर हाणलं. जन्मात असा आदळलो नव्हतो. मग भैरोबा जेवला.

आता मी झिजलोय. कमिटी विजेवरची घंटा आणतेय, बटण दाबलं की वाजणारी. आणा. मला भंगारात घाला, तक्रार नाही. पण त्या मशीनला फडकं बांधायची सोय ठेवा. आणि फडकं दिसलं की मोठं कोण गेलं म्हणून विचारत बसू नका. देवानं अजून घास घेतलेला नाही, एवढं बघा आणि खांदा द्यायला या.