देवघरातल्या गडूतलं पाणी

मित्रांनो, मी समुद्रातली गोगलगाय होते. आता माझा नुसता शंख उरलाय. बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका घराच्या खिडकीत, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी तो पडलेला असतो. शंखाला कसली आलीय आठवण, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण त्या घरात जे घडलं ते दुसरं कोणी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म अलिबागकडच्या खडकांवरचा. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं, एवढाच आमचा उद्योग. नव्वद सालच्या सुमारास एक दिवस पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी आम्हा काहीजणींना उचलून समुद्राच्या पाण्याच्या डब्यात घातलं. ते विष्णुपंत. अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट होते, नुकतेच रिटायर झालेले. घरात त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली होती. तिच्यात पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे होते आणि दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटून बसलेला एक आगाऊ खेकडा. शेवाळ मात्र इतकं माजलेलं, की मासे शोधावे लागत.

आम्ही कामाला लागलो. खेकडा तळाची वाळू बघायचा, आम्ही काच. अशी लख्ख केली, की शेजारचे शंकरराव मुद्दाम चहाला येऊ लागले. कौतुक सगळं माशांचं, बरं का. ते दिवसभर मिरवणार आणि केरपोतेरं आमच्याकडे. पण विष्णुपंत भिंग घेऊन आम्हाला बघायचे. "ह्या माझ्या कामवाल्या," म्हणायचे. "ह्यांना खाडा माहीत नाही." खरं सांगते, ते ऐकायला मला फार आवडायचं.

एकदा माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. विष्णुपंतांची मुलगी उमा, तिचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, उल्हासनगरच्या दुकानातून निळ्या औषधाची बाटली घेऊन आली. "दुकानदार म्हणाला, मछली एकदम फिट हो जाएगी."

विष्णुपंतांनी बाटली उजेडात धरली आणि परत तिच्या हातात दिली. "यात मोरचूद आहे गं. म्हणजे तांबं. माशांना सोसतं, माझ्या गोगलगायींना नाही सोसत. पार मरून जातील." माई, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा आत स्वयंपाकघरात होती. ती हे ऐकायला बाहेर असती, तर मी आज खिडकीत नसते.

उमा लग्न होऊन बडोद्याला गेली. त्यानंतरच्या थंडीत विष्णुपंतांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. माईने त्यांची कॉट टाकीसमोर लावली. त्यांना बघायला दिवसभर तेवढंच होतं. आणि माईने मनाशी धरलं, की टाकीतला जीव जगला तर हेही उठून बसतील. देवाजवळ ती तसं बोलली, मी ऐकलं.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून साधं गोडं पाणी घालायचं असतं. ते माईला ठाऊक होतं. पण नळाला गढूळ पाणी यायला लागलं होतं. देवघरात तिचा तांब्याचा गडू होता. रात्री त्यात गाळलेलं पाणी भरून ठेवायचं, सकाळी देवाला दाखवून विष्णुपंतांना पाजायचं. घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी. तेच ती आम्हालाही घालू लागली.

पहिल्यांदा अंगाला नुसतं चुरचुरलं. मग काचेवरची पकड सुटायला लागली. खेकडा अर्धा शंखाबाहेर आला आणि तसाच राहिला. त्यानंतर माझ्या बहिणी, एकेक करून. मासे मात्र ठणठणीत.

विष्णुपंत सगळं बघत होते. माईने गडू उचलला की त्यांचा डावा हात वर यायचा, गडूकडे बोट व्हायचं, घशातून आवाज निघायचा.

"पाणी हवंय? देते हं," असं म्हणून माई चमच्याने त्यांना त्याच गडूतलं पाणी पाजायची. ते तोंड फिरवायचे. पाणी मानेवरून उशीवर ओघळायचं. ती पदराने पुसायची आणि उरलेलं टाकीत ओतायची. आम्ही मरतोय हे बघून ती घाबरली, आणि जास्तच घालू लागली. काच पुन्हा हिरवी झाली. विष्णुपंतांना आतलं काही दिसेनासं झालं, तरी ते तिकडेच बघत असायचे.

मे महिन्यात उमा आली. तिच्यासमोरच विष्णुपंतांनी गडूला हात मारून तो खाली पाडला.

"बघ," माई म्हणाली. "मागायचं आणि दिलं की ढकलायचं. किती दिवस हेच चाललंय."

उमाने गडू उचलला. मग ती टाकीकडे बघत राहिली. "आई, यात पाणी कुठलं घालतेस?"

"देवाच्या गडूतलं. नळाचं कसं घालीन?"

उमा कॉटजवळ खाली बसली. "बाबा, तांबं?"

विष्णुपंतांनी हात खाली ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि ते रडले.

उमाने आईला मोरचुदाची ती गोष्ट सांगितली. पाणी उडून जातं आणि तांबं टाकीतच साठत राहतं, हेही सांगितलं. माई म्हणाली, "म्हणजे हे बोलत होते. आणि मी पाणी पाजत बसले."

तेव्हा आम्हा बहिणींतली मी एकटीच उरले होते, वाळूत उलटी पडलेली. माईने बाही वर करून पाण्यात हात घातला आणि मला काचेला टेकवलं. मी पडले. तिने पुन्हा टेकवलं. मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला हो, तिच्यासाठी.

त्यानंतर माई कॉटशी बसून एकेक गोष्ट विचारू लागली. पंखा लावू? कूस बदलू? विचारायची आणि त्यांचं बोट हलेपर्यंत थांबायची. पण तिला ते दिवस फार मिळाले नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आत विष्णुपंत गेले.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर माया करा, जरूर करा. पण आपल्याला चांगलं वाटतं ते त्याच्या गळी उतरवण्याआधी त्याला विचारा. माई अजून संध्याकाळी मला तळहातावर घेते. "तुला काय हवं होतं गं?" म्हणते, आणि थांबते.