कागदावरच्या ताऱ्याला एक टिचकी

एका पत्राचं उत्तर अकरा वर्षं गेलं नव्हतं. ते पत्र वगळून माझी गोष्ट सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

मित्रांनो, मी एक जुना तारा आहे. मला आकाशात शोधू नका. मी कागदावर आहे, सत्तावीस पानांच्या गणितात. आकाशात माझ्यासारखा कोणी आहे की नाही, ही शंका मला जन्मापासून आहे.

फार जड तारा विझला की स्वतःच्याच वजनाने कोसळतो. त्याचं कृष्णविवर होतं आणि त्यात गेलेला प्रकाशही परत येत नाही. मला मांडणाऱ्या प्राध्यापकांना वाटलं, कोसळता कोसळता तो केसभर अलीकडे थांबला तर? सरांनी माझ्या पोटात बाहेर रेटणारा दाब भरला, वर पातळ कवच चढवलं. लांबून मी हुबेहूब कृष्णविवर, पण आत विवर नाही. त्यांनी मला दाबून पाहिलं. मी थरथरलो, पण सावरलो. सभांमध्ये माझं फार कौतुक झालं.

मग पत्र आलं. लिहिणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवत.

"सर, गणित सोपं व्हावं म्हणून तुम्ही तारा सगळीकडून सारखाच दाबलात. एकाच बाजूने टिचकी मारली तर? तो टिकला, तर मला पुढे त्यावरच काम करायचं आहे. तुमच्या उत्तराची वाट पाहते."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पत्र माझ्या पानांत ठेवलं आणि मला खणात ढकललं.

"अहो, त्या बाईंना कळवलंत का?" त्यांची पत्नी अधूनमधून विचारी.

"बघतो."

"बघतो बघतो म्हणता पत्राची शाई उडाली. तुमचा तारा फुटला तर घरावर नाही ना पडायचा?"

"माझ्यावर पडेल. तीस वर्षांचं काम आहे."

"आणि बाईंची अकरा वर्षं नुसती पडून आहेत, त्यांचं काय?"

सर उठले. मग त्यांनी खण ओढला.

चार दिवस दुपारी ते नवं गणित मांडत होते. टिचकीची लाट माझ्या कवचाखाली अडकली, गोल फिरत राहिली, वाढत गेली. सरांनी उणे चिन्हं तीनदा तपासली. कुठेतरी चूक सापडावी, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. सापडली नाही. मी कोसळलो.

मित्रांनो, तुमच्या लाडक्या गोष्टीला कोणी टिचकी मारू पाहिली, तर तिला लपवू नका. खणात मी टिकून नव्हतो. मला फक्त कोणी तपासत नव्हतं.

सरांनी लिहिलं, "उशिराबद्दल माफ करा. तारा टिकत नाही. कारण सोबतच्या पानांत आहे. शंका तुमची होती, पुढचं कामही तुमचंच." पाकिटात माझी पानं घातली.

टपालपेटीपाशी त्यांचा हात अडला. "पत्ता जुना आहे. बाई तिथे नसल्या तर?"

"आधी पेटीत तर पडू द्या!" पत्नी म्हणाली.

सरांनी बोटं सोडली. पेटीचा तळ लागेपर्यंत मी भीतच होतो.