भूकंपकाकांचा श्वास

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, कारण माझी जागा पडद्यावर नसते. पण ‘अभेद्य सात’ हा परदेशी चित्रपट तुम्ही आपल्या भाषेत पाहिला असेल, तर त्यातला शब्द न् शब्द तुमच्या आधी मी ऐकला आहे. एका डबिंग स्टुडिओतला मी जुना मायक्रोफोन.

माझा जन्म कारखान्यात एका बाईंच्या हातून झाला. माझ्या पोटात जो पडदा असतो तो कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तो चिमट्याने बसवताना त्या बाईंनी नाकातोंडाला फडके बांधले होते. पडदा नीट बसला तेव्हा त्यांनी फडके सोडून हुश्श केले. मी ऐकलेला पहिला आवाज तोच.

तिथून मी या स्टुडिओत आलो. जाड भिंती, खाली गालिचा, समोर काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकाका. माझ्यासमोर उभे राहायचे म्हणजे घड्याळ, बांगड्या, चपला सगळे बाहेर ठेवायचे. कडक इस्त्रीचा सदरा चालत नाही, त्याची सळसळ ऐकू येते. कोणाच्या पोटात कावळे ओरडले तर तेही मी टिपतो. म्हणून उपाशी आलेल्या कलाकाराच्या हातात काका आधी बिस्किटे ठेवतात आणि मग संवादाचे कागद.

या खोलीत सर्वात जास्त मी ऐकले ते मास्तरांना. ते शाळेत कधीच शिकवत नव्हते, पण जो भेटेल त्याचे उच्चार सुधारत, म्हणून मास्तर. त्यांनी न्यायाधीश केले, दरोडेखोर केले, एकदा तर बोलणारा उंटही केला. त्यांची मुलगी संवाद लिहायची आणि काचेमागे बसून डबिंग करून घ्यायची. स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की ती वडिलांना ‘मास्तर’ म्हणे आणि दिवा विझला की ‘बाबा’.

‘अभेद्य सात’चा पहिला भाग आला तेव्हा त्या सात वीरांमधला सर्वात म्हातारा वीर मास्तरांकडे आला. त्याचे नाव भूकंप. त्याने पाय आपटला की जमीन दुभंगते. ताईने त्याच्यासाठी साधे वाक्य लिहिले होते, “बाजूला व्हा, पोरांनो.” मास्तरांनी ते म्हणण्याआधी एक तुटका श्वास घेतला. हं… आणि मग वाक्य.

“मास्तर, हे काय होतं?” काकांनी काचेमागून विचारले.

“अभिनय,” मास्तर म्हणाले.

“बाबा, दम लागतोय का तुम्हाला?” दिवा चालू असूनही ताई बाबा म्हणाली.

“अगं, एवढा म्हातारा माणूस अख्खा पूल खांद्यावर घेऊन आलाय. त्याला दम नको लागायला? की लिफ्टने आलाय तो?”

सगळे हसले. ताईही हसली. श्वास राहिला आणि पुढे भूकंपाच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याआधी येत गेला. त्या श्वासाच्या तळाशी एक बारीक शिट्टी होती. काकांनी ती यंत्रावर पुसून टाकली. बाहेरच्या हॉर्नचा, पंख्याचा, नको तो आवाज पुसायचा, हे त्यांचे कामच.

चित्रपट धो धो चालला. मूळ भाषेत भूकंपाला कोणी फारसे विचारले नव्हते म्हणे, पण आपल्याकडे तो भूकंपकाका झाला. मुले मैदानात आधी ‘हं’ करत आणि मग पाय आपटत. कोणी वाढदिवसाला मास्तरांकडून फोनवर तेवढा श्वास मागून घेई. मास्तर हौसेने देत. काका येता-जाता माझ्या जाळीवर टिचकी मारून म्हणत, “तूही त्यात आहेस बरं का.” मी ती टिचकीही सुखाने सोसत असे.

मग मास्तर यायचे थांबले. आजार फुप्फुसांचा होता आणि डॉक्टरांच्या मते तो बराच जुना होता. दुसरा भाग तयार होण्याआधीच मास्तर गेले. माझ्या जागी नवा, चपळ मायक्रोफोन आला आणि मला कपाटात ठेवण्यात आले. माझ्या डब्याचे झाकण नीट लागत नव्हते. धूळ आत आली, दमट हवा आली. डब्यातला स्पंज झिजून त्याचा भुगा माझ्या जाळीला चिकटला. वाईट वाटले, पण राग आला नाही. ताई कपाटापाशी येई, दारावर हात ठेवी आणि न उघडताच परत जाई. ते मी ऐकत होतो.

दुसऱ्या भागाचे काम आले तेव्हा भूकंपासाठी ‘गर्दी’ यांना बोलावले. हेही टोपणनावच. कितीतरी वर्षे चित्रपटांतला जमाव ते एकटे करत. बाजार, सभा, आग लागल्यावरची पळापळ, सगळे त्यांच्या एका घशातून येई. त्यांनीच मला कपाटातून मागून घेतले.

“मास्तरांच्या पुढ्यातला हाच हवा. मला जरा धीर येईल,” ते म्हणाले. काकांनी मऊ ब्रशने माझी जाळी साफ केली, मला कोरड्या हवेत ठेवले, तपासले. मी अजून धड होतो.

लाल दिवा लागला. गर्दींनी डोळे मिटले आणि तो श्वास घेतला. हं… अगदी तसाच. तुटायचा तिथेच तुटलेला. घरी घोटून घोटून बसवलेला असणार. तळाची शिट्टीसुद्धा त्यांनी आणली होती, कारण पहिल्या भागाच्या वेळी जमावाचे आवाज द्यायला ते मास्तरांच्या शेजारीच उभे असत.

मग दार उघडून ताई आत आली.

“चुकलं का काही?” गर्दींनी विचारले.

“नाही हो. फार बरोबर आलं.” “तो अभिनय नव्हता, गर्दीकाका. बाबांना खरंच दम लागत होता. घरी जिना चढतानाही तसंच व्हायचं. आईला वाटायचं, तालीम चाललीय.”

गर्दी खाली बसले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला, तो कोणीच पुसला नाही.

“पण पोरी, लोक त्याचीच वाट बघतायत गं.”

“माहीत आहे.”

तेवढ्यात वितरकांच्या साहेबांचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर घेतला. “मॅडम, आवाज कोणाचाही चालेल, पण श्वास तोच पाहिजे. नवीन माणसाला जमत नसेल तर जुन्या भागातून उचला ना! दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर चाहते आपल्याला सोलून काढतील.”

“काढू देत,” ताई म्हणाली. “भूकंप या वेळी दम न लागता बोलेल. पाहिजे तर माझं नाव काढून टाका.”

“नाव राहू द्या हो. शिव्या कोणाला पडणार मग?” साहेबांनी फोन ठेवला.

ताई गर्दींकडे वळली. “मास्तरांसारखं नको. पोटभर श्वास घ्या आणि तुमचं तुम्ही बोला.”

त्यांनी घेतला. मोठा, गोल, निरोगी श्वास. “बाजूला व्हा, पोरांनो.” काचेमागे जाऊन ताईने तो पुन्हा एकदा ऐकला आणि म्हणाली, “हाच ठेवू.”

दुसरा भाग लागला आणि चाहत्यांत जुंपली. जेवणाच्या सुट्टीत काका फोनवर आलेले एकेक मत मोठ्याने वाचत. “सात म्हणता म्हणता वीर अकरा झाले, बसवायचे कुठे?” “खलनायक कशासाठी आला होता हे तोच विसरला.” “अर्धा चित्रपट म्हणजे तिसऱ्या भागाची जाहिरात.” “खूप निराश झालो. उद्या पुन्हा जाणार आहे.” यावर सगळे हसत. पण मग भूकंपकाकांवर गाडी येई. कोणी म्हणे नवा आवाज छान, ठसठशीत. कोणी म्हणे भूकंपकाका कायाकल्प करून आलेत काय? आणि एकाने लिहिले होते, “तो श्वास ज्याने काढून टाकला त्या माणसाला मनच नाही.” काकांनी ते अर्ध्यावर गिळले. ताईने उरलेले स्वतः वाचले आणि जेवणाचा डबा बंद केला.

त्या रविवारी ती आईला घेऊन चित्रपटगृहात गेली. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिने जे सांगितले तेवढेच मला ठाऊक आहे.

“भूकंप पडद्यावर आला ना, गर्दीकाका, तोंड उघडलं आणि सगळं थिएटर एकदम ‘हं’ करून उठलं. पुढच्या रांगेतली शेंबडी पोरं, मागचे बाप्ये, सगळे. मग तुमचं वाक्य आलं.”

“अरेच्चा! म्हणजे मी ‘गर्दी’चा मास्तर झालो आणि थिएटरातली गर्दीही मास्तर झाली की!” गर्दी म्हणाले. “वहिनी काय म्हणाल्या?”

“आई आधी दचकली. माझा हात घट्ट धरला. म्हटलं, उठायचं का? तर म्हणाली, बस गं. इतके दिवस तो श्वास यांनी एकट्यांनी ओढला, आज घेतला बघ सगळ्यांनी वाटून.”

मग ताई नाक पुसत म्हणाली, “चला, कामाला लागा,” आणि लाल दिवा लागला.

मित्रांनो, आता मला चांगला बंद होणारा डबा मिळाला आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला धुळीपासून, ओलीपासून जपा आणि तपासण्यासाठी त्याच्यात फुंकर मारू नका. तेवढे केले की आम्ही वर्षानुवर्षे टिकतो. आमच्यासमोर बोलणारी माणसे मात्र तशी टिकत नाहीत. म्हणून आवडलेल्या आवाजाला टाळ्या जरूर वाजवा, चित्रपटावरून मनसोक्त भांडा. पण घरातले कोणी बोलता बोलता थांबले, जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले आणि वर हसून ‘काही नाही रे, अभिनय’ म्हणाले, तर त्या हसण्यावर जाऊ नका. जवळ जा आणि पुन्हा एकदा विचारा. मला नुसते ऐकू येते. तुम्हाला विचारताही येते.