साकवाखालचे दगड

मित्रांनो, दमलोय मी. उभ्याउभ्याच बोलतो, कारण बसायची सोय देवाने साकवाला दिलेली नाही. मी डोंगरातल्या ओढ्यावरचा एक जुना लाकडी साकव आहे. मला ओलांडून ओढ्याकाठाने वर चढायचं, डोंगराला वळसा घालायचा आणि उतरून पुन्हा माझ्याच अंगावरून परतायचं, अशी ही पायवाट. म्हणजे येणारा प्रत्येक जण मला दोनदा तुडवतो!

मला एका सुताराने बांधलं. तो फळ्या ठोकत होता आणि त्याची बायको चपटे दगड निवडून माझ्या खांबांच्या पायाशी रचत होती. "हे हलले की तुझी कारागिरी गेली वाहून," ती त्याला चिडवायची. दोघं दर वर्षी यायची, फळ्यांना तेल पाजायची, दगड चाचपायची. येणारेजाणारेही माझं कौतुक करायचे. पुढे सुताराचे गुडघे गेले आणि त्यांचं येणं थांबलं.

मग लोकांच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. दगडावर दगड रचून मनोरे करायचे आणि फोटो काढायचे. ओढ्यातले दगड गोल, रचले की घरंगळतात. चपटे कुठे मिळणार? माझ्या पायाशी! एकेक करत माझी बैठकच उठवली हो.

एकदा एक आत्या आणि तिची भाची आली. भाचीचा मनोरा सारखा ढासळत होता.

"अगं, साकवाखालचे घे ना, छान चपटे आहेत," आत्या म्हणाली.

पोरीने उरलेसुरलेही ओढून काढले. मनोरा झाला, फोटो झाला, दोघी मला ओलांडून वर गेल्या. मी बोंब मारली असती, पण तोंड कुठून आणू?

दुपारी डोंगरमाथ्यावर पाऊस झाला आणि ओढा फुगला. दोघी परतल्या त्या पाय ओढतच. भाची काठाला पोचली, आत्या मधोमध आली आणि माझा खांब खचला. फळी कलंडली. आत्याचे पाय पाण्यात, हात माझ्या कठड्याला. मी स्वतःला म्हटलं, म्हाताऱ्या, आता मोडू नकोस. कठडा करकरला, पण टिकला.

"आत्या, हात दे!" पोरीने मागे येऊन माझ्या फळ्यांवर पालथं पडून तिला खेचून घेतलं.

धापा टाकत दोघी काठावर बसल्या. पोरीने खांबाकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे. "आत्या, हे आपणच केलं गं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

पाणी ओसरल्यावर दोघी पहार घेऊन आल्या. खांब सरळ केला, मनोरे उतरवून दगड पुन्हा माझ्या पायाशी लावले. तरी मी अजून थोडा डुगडुगतो. वयच झालं आता.

मित्रांनो, हौस जरूर करा. फक्त दगड उचलण्याआधी वाकून बघा, तो कुणाच्या पायाखालचा आहे. तुम्हालाही माझ्यावरूनच घरी जायचंय.